वॉटर इंजेक्शन असूनही घाटात इंजिन खडखडतंय? पंप उघडण्याआधी टाकी बघा

टर्बो पेट्रोल गाडीला वॉटर इंजेक्शन, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पाण्याचं धुकं मारणारी यंत्रणा, बसवलं. पहिला महिना मालक खूश. दुसऱ्या महिन्यात आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरला पुन्हा तीच खडखड. कोल्हापुरात माझ्याकडे अशा गाड्या नेमाने येतात, आणि मालक दारातच निदान सांगून मोकळा होतो: "पंप गेलाय, नवा मागवा."

पंप गेलेला असतोही कधीकधी. पण बहुतेक वेळा दोष त्याच्याही आधी, टाकीत असतो. आत काहीतरी भलतंच भरलेलं असतं: बोअरचं पाणी, काचेचा शाम्पू, कूलंट, सॅनिटायझर. एकदा तर बीएस-६ डिझेल गाडीत घालायचं यूरियाचं पाणी निघालं. नव्या पंपाचे पैसे गेले की तो पंपही त्याच पाण्यावर चालतो आणि दोन महिन्यांनी गाडी परत दारात. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहितोय. आधी फुकटात होणारं, मग शे-दोनशेचं, आणि खर्चाचं सगळ्यात शेवटी.

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जुळली तर पुढे वाचा.

- चढाला किंवा भर उन्हात पूर्ण पाय दिला की खडखड ऐकू येते, किंवा आवाज न येता पिकअप पडतो. स्कॅनर लावला तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेताना दिसतो.
- पंपाचा आवाज येतो, पण टाकीतलं पाणी पूर्वीइतकं कमी होत नाही.
- याच्या उलट, गाडी उभी असतानाच टाकी रिकामी होते आणि सकाळी इंजिन गुरगुरत, पांढरा धूर सोडत सुरू होतं.
- इंजेक्शन सुरू होताक्षणी गाडी अडखळते, मिस मारते.
- नोझलच्या तोंडावर पांढरी खपली, टाकीच्या तळाला बुळबुळीत थर, किंवा झाकण उघडल्यावर फेस.
- पंप सलग न चालता टकटक करत चालू-बंद होत राहतो.

ही यंत्रणा काय करते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळं पटेल. इंटरकूलर आणि थ्रॉटल बॉडी यांच्या मधल्या पाइपात एक बारीक नोझल असतं. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढला की पंप शंभर-दोनशे पीएसआय दाबाने त्यातून पाण्याचं धुकं मारतो. ते धुकं वाफ होताना हवेतली आणि सिलिंडरमधली उष्णता ओढून घेतं, अगदी माठातलं पाणी गार होतं तसं, आणि पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटायचं थांबतं.

एक सूचना सगळ्यांच्या आधी. ईसीयूचा मॅप, म्हणजे बूस्ट-टायमिंग ठरवणारा त्याचा तक्ता, या पाण्याच्या भरवशावर बदललेला असेल, म्हणजे बूस्ट वाढवून टायमिंग पुढे घेतलेलं असेल, तर दोष सापडेपर्यंत गाडी सावकाश चालवा. किंवा ट्यूनरकडून, म्हणजे मॅप बदलून देणाऱ्याकडून, कमी बूस्टचा मॅप टाकून घ्या. पाणी थांबलं आणि मॅप तसाच राहिला, तर एका घाटात पिस्टन वितळतो. मग पुढचं काहीच तपासायचं राहत नाही.

टाकीत आहे काय, आणि ते भरलं कुणी?

खर्च शून्य. आधी पातळी बघा. हसू नका, रिकाम्या टाकीची गाडी माझ्याकडे दरवर्षी येते. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिलने 'जेटफायर' नावाची टर्बो गाडी काढली. तिला 'टर्बो-रॉकेट फ्लुइड' लागायचं: निम्मं पाणी, निम्मं मेथॅनॉल (एक विषारी, जळणारं अल्कोहोल) आणि चिमूटभर गंजरोधक. लोक ते भरायला विसरायचे, टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःच बूस्ट आवरायची, आणि मालक म्हणायचे गाडीत दम नाही. साठ वर्षं झाली, तक्रार तीच आहे.

पातळी ठीक असेल तर घरातल्या, गॅरेजमधल्या, धुलाईवाल्याच्या प्रत्येकाला विचारा की टाकीत कुणी काय ओतलं. याचं कारण असं की आपल्याकडे अनेक किट काच धुण्याच्या मूळ टाकीलाच जोडलेली असतात. मालकाला ते ठाऊक असतं, सर्व्हिसिंगच्या पोराला नसतं. तो बिचारा आपलं काम चोख करतो: झाकणावर वायपरचं चित्र बघतो आणि निळा शाम्पू घालून टाकी काठोकाठ भरतो. तीन-चार गाड्यांत तर हाच एकमेव दोष होता. वायपरच्या चित्राचं ते झाकण मी आता काढूनच टाकतो, साधं काळं झाकण लावतो आणि त्यावर तेलाच्या रंगाने 'फक्त डिस्टिल्ड पाणी' असं मराठीत लिहितो.

चुकीचं भरणं म्हणजे काय, याचं सगळ्यात भीषण उदाहरण विमानाचं आहे. ६ सप्टेंबर १९७१ रोजी हॅम्बुर्गहून उडालेल्या पॅनइंटरनॅशनलच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाच्या वॉटर इंजेक्शनच्या टाकीत पाण्यात विमानाचं इंधन मिसळलं गेलं होतं. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकाने विमान महामार्गावर उतरवलं, तरी २२ माणसं गेली. गार करायच्या नळीतून इंजिनात जळण गेलं, एवढीच चूक. म्हणून कॅनवर नाव लिहिलेलं नसेल तर तो कॅन माझ्या गॅरेजात येत नाही.

बाटलीत काढा आणि हलवा

टाकीतलं अर्धा लिटर एका स्वच्छ, पारदर्शक बाटलीत घ्या. नाक लावून हुंगू नका, मेथॅनॉल असू शकतं. नुसतं बघा, मग झाकण लावून दहा वेळा हलवा.

फेस आला आणि मिनिटभर टिकला तर तो शाम्पू. फेसामुळे पंप हवा ओढतो, दाब धरत नाही, आणि वरच्या यादीतली ती टकटक सुरू होते. हिरवं, गुलाबी, किंचित तेलकट असेल तर कूलंट. त्यातलं ग्लायकॉल पाण्यासारखं झटकन वाफ होत नाही, अर्धवट जळतं आणि व्हॉल्व्हवर चिकट थर सोडतं. "कूलंट म्हणजे गार करणारंच ना!" असं म्हणणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत. ते रेडिएटरमध्ये गार करतं, सिलिंडरमध्ये नाही.

धागे तरंगताना दिसले, तळाशी हिरवट-तपकिरी बुळबुळ दिसली, तर शेवाळ आणि जंतूंचा थर. साधं पाणी गरम बॉनेटखाली दोन-तीन महिने पडून राहिलं की हे होतंच, पाणी कितीही शुद्ध असो. त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकू नका. त्यातला क्लोरीन ॲल्युमिनियमला खातो. टाकी काढा, घासा, उन्हात वाळवा. आणि महिनाभर गाडी ओढायची नसेल तर टाकी रिकामी ठेवा.

यूरियाचं पाणी मात्र बघून ओळखू येत नाही. ते पाण्यासारखंच स्वच्छ असतं. त्यात ३२.५ टक्के यूरिया असतो. त्यासाठी पुढची परीक्षा.

ताटलीची परीक्षा

ही माझी आवडती, कारण हिला फसवता येत नाही. स्टीलची एक स्वच्छ ताटली घ्या, टाकीतलं दोन चमचे पाणी त्यात ओता आणि उघड्यावर, उन्हात वाळू द्या. गॅसवर आटवू नका. टाकीत मेथॅनॉल असेल तर ती वाफ पेट घेते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही.

वाळल्यावर ताटलीत जे उरेल, तेच तुमच्या नोझलमध्ये, थ्रॉटलवर आणि प्लगवर उरतंय. काही उरलं नाही तर उत्तम. पांढरी, खरखरीत कडी उरली तर क्षार. साखरेसारखे लांबट चमकदार खडे जमले तर यूरिया. चिकट, बोटाला ओढणारा थर राहिला तर ग्लायकॉल, ग्लिसरिन किंवा शाम्पू.

शिरोळकडचा एक पोरगा यायचा, गाडी फार जिवापाड जपणारा. दर दीड महिन्याला नोझल बंद. पाणी कुठलं, तर घरच्या बोअरचं. मी म्हटलं, "अरे, तुमच्याकडची जमीन क्षारपड आणि तू बोअरचं पाणी इंजिनात मारतोस?" तर म्हणतो, "दादा, जनावरं पितात की! म्हशींना काही होत नाही." मी वाद घातला नाही. ताटली वाळत ठेवली आणि चहा सांगितला. चहा झाला, गप्पा झाल्या, ऊन चांगलं होतं. ताटली परत हातात घेतली तर कडेने पांढरं वर्तुळ आणि मधे पापुद्रा, नखाने खरवडला तर निघाला. त्याने बोट लावून जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं, आणि त्या दिवसापासून तो कॅन विकत आणतो.

टीडीएस मीटर: दोन-तीनशे रुपयांचं काम

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. ताटली सांगते काय उरलं, मीटर सांगतो किती उरणार. आकडा पीपीएममध्ये असतो, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं धरतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे मानकाप्रमाणे पिण्यायोग्य असलेल्या पाण्यातही लिटरला दोन ग्रॅमपर्यंत क्षार असू शकतात. पाच लिटरच्या टाकीत दहा ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन चमचे. माणूस ते घामातून, लघवीतून बाहेर टाकतो. नोझलला ती सोय नाही.

नोझल तुंबतं केव्हा, हेही समजून घ्या. पाणी वाहत असताना नाही, थांबल्यावर. घाट संपला, गाडी चहाला लावली, बॉनेटखालची गरमी वर आली. नोझलच्या टोकाला अडकलेला शेवटचा थेंब तिथेच वाळतो आणि आपले क्षार तिथेच ठेवून जातो. भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं. प्रत्येक थांब्याला एक पापुद्रा. गिझरच्या कॉइलवर चढतो तोच हा थर, फक्त इथे जागाच नाही.

माझा नियम: टाकीत जाणारं पाणी १० पीपीएमच्या आत. आता कुठलं पाणी घ्यायचं ते बघू.

नळाचं आणि बोअरचं पाणी नको, हे झालंच. घरच्या आरओचं पाणी बरंच बरं, पण आरओवाले चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, त्यामुळे मीटर ५० ते १५० दाखवतो. अडल्यानडल्याला एक टाकी चालेल, सवय नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी लोक इन्व्हर्टरला घालतात आणि मला अभिमानाने सांगतात की टीडीएस वीस आहे. आकडा खरा. पण ते पाणी कॉइलवरची धूळ, बुरशी धुऊन आणतं, आणि मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, कचरा नाही. पावसाच्या पाण्याचंही तसंच. पत्र्यावरून आलेलं पाणी म्हणजे पत्रा धुतलेलं पाणी.

राहतं ते इन्व्हर्टर-बॅटरीचं डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी, शे-दीडशेत पाच लिटर. हेच घ्या. पण दोन पथ्यं पाळा. एक, कॅन उघडल्यावर मीटर घाला. स्थानिक भरणीच्या एखाद्या कॅनमध्ये ४०-५० आकडा मी स्वतः पाहिलाय. दोन, आणि हे फार महत्त्वाचं: बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी आणि बॅटरीचं ॲसिड शेजारी-शेजारी, एकसारख्या पांढऱ्या कॅनमध्ये ठेवलेलं असतं. "बॅटरीचं पाणी द्या" म्हटलं की नवा पोरगा कुठलाही कॅन उचलतो. लेबल वाचा, शंका वाटली तर निळा लिटमसचा कागद बुडवा. लाल झाला तर कॅन बंद करून परत द्या.

मीटरच्या मर्यादाही सांगून ठेवतो. मेथॅनॉल मिसळलेल्या पाण्यात तो खोटं बोलतो, म्हणून पाणी मिसळण्याआधी मोजा. शाम्पू आणि सिलिकाही त्याला नीट दिसत नाही. त्यासाठीच ताटली आधी सांगितली.

मेथॅनॉल: हवंच का?

इथे माझं मत बऱ्याच ट्यूनर मंडळींना पटत नाही, पण मी ते धरून आहे. रस्त्यावरच्या गाडीला आपल्याकडे नुसतं डिस्टिल्ड पाणी पुरतं.

एक किलो पाणी वाफ होताना साधारण २,२५० किलोजूल उष्णता ओढतं. मेथॅनॉल त्याच्या निम्मी, साधारण १,१००. पेट्रोल ३५०च्या आसपास. म्हणजे गार करण्यात पाण्याचा हात कुणी धरत नाही. मग जगभर निम्मं-निम्मं मिश्रण का वापरतात? मेथॅनॉल स्वतः जळतं, त्याचा ऑक्टेन मोठा असतो, त्यामुळे ताकद वाढते, हे खरं. पण दुसरं कारण कुणी सांगत नाही: तिकडे पाणी गोठतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानांच्या 'एमडब्ल्यू ५०' या पाणी-मेथॅनॉलच्या मिश्रणात मेथॅनॉलचं एक मोठं काम होतं ते उंचावरच्या थंडीत टाकी गोठू न देणं. आपल्याकडे महाबळेश्वरला दवबिंदू गोठल्याची बातमी होते. गाडीची टाकी गोठत नाही. बीएमडब्ल्यूने २०१६च्या 'एम४ जीटीएस'ला कंपनीतूनच वॉटर इंजेक्शन दिलं, तेव्हा डिकीत पाच लिटरची टाकी आणि तिच्यात डिस्टिल्ड पाणी, बस्स. गोठू नये म्हणून त्यांनी मेथॅनॉल घातलं नाही. इंजिन बंद केलं की नळीतलं पाणी परत टाकीत येईल अशी सोय केली.

तिकडचं वाचून इकडे केलेल्या चुकीचा नमुना म्हणजे काचेचं पाणी. अमेरिकेत हिवाळ्यात मिळणाऱ्या काच धुण्याच्या पाण्यात गोठू नये म्हणून बरंच मेथॅनॉल असतं, म्हणून तिकडचे लोक सरळ तेच इंजेक्शनला वापरतात. आपल्या दुकानातली निळी बाटली म्हणजे रंग, सुगंध आणि साबण. नाव एक, माल वेगळा.

लॉकडाऊननंतर घरोघरी सॅनिटायझरचे कॅन उरले होते. एका गृहस्थांनी 'सत्तर टक्के अल्कोहोल आहे' म्हणून ते टाकीत ओतलं. अल्कोहोल होतंच, पण हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून घातलेलं ग्लिसरिनही होतं. नोझलची जाळी उघडली तर गुळाच्या काकवीसारखं काहीतरी लोंबत होतं.

ज्यांचा मॅपच मेथॅनॉलवर बांधलेला आहे त्यांच्यासाठी. मिश्रण निम्म्याला निम्मं म्हणजे मापाने, वजनाने नव्हे. मेथॅनॉल हलकं असतं, वजनाने मोजलं तर ते जास्त पडतं. बरोबर मिसळलेल्या मिश्रणाची घनता हायड्रोमीटरवर ०.९३च्या आसपास येते. आकडा बराच खाली असेल तर मेथॅनॉल जास्त झालंय, इंजिनात हवेच्या मानाने जळण जास्त होऊन गाडी अडखळते. १च्या जवळ असेल तर मेथॅनॉल नावालाच आहे. ट्यूनरने जे प्रमाण धरून मॅप बांधला त्यापेक्षा वेगळं स्वतःच्या मनाने करू नका, कमी नको आणि जास्तही नको. डिझेल गाडीत तर मेथॅनॉलचे प्रयोग घरी करूच नका.

आणि मेथॅनॉल हे विष आहे, हे नुसतं लेबलवर छापायला म्हणून नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली ती याच मेथॅनॉलच्या दारूने. दहा मिलीलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. कातडीतूनही शोषलं जातं. महाराष्ट्रात त्याच्या विक्रीला आणि साठ्याला परवाना लागतो. ओळखीच्या केमिकलवाल्याकडून सुटं भरून आणू नका. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही. घरात पोरं असतात.

जाळी आणि नोझल

आता पान्हा हातात घ्या, इंजिन गार असताना. टाकीत मेथॅनॉल असेल तर ते आधी काढा आणि साधं डिस्टिल्ड पाणी भरा. मेथॅनॉलचं धुकं बॉनेटखाली उडवून परीक्षा घ्यायची नसते.

पंपाआधीची जाळी उघडा, धुवा. मग नोझल पाइपातून काढून त्याचं तोंड मोजमापाच्या बाटलीत धरा, पंप तीस सेकंद चालवा. आलेलं पाणी दुप्पट केलं की मिनिटाचा आकडा मिळतो. नोझलवर किंवा किटच्या कागदावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. तो आकडा ठराविक दाबाला असतो, थोडा फरक चालतो. निम्म्यावर आला असेल तर नोझल तुंबलंय. धुकं न येता पिचकारी उडत असेल तर तेही तुंबल्याचंच लक्षण. अशी धार हवेत मिसळत नाही, एखाद्याच सिलिंडरमध्ये जाते आणि तेवढा प्लग मिस मारतो.

सुई, टाचणी, तार भोकात घालू नका. भोक किंचित जरी वाकडं झालं तरी धुकं कायमचं बिघडतं. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घाला, नोझल त्यात तास-दोन तास बुडवा, मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उलट बाजूने हवा मारा. चुन्याचा थर सुटतो. सिलिकाचा सुटत नाही. तसा काचेसारखा थर असेल तर नोझल बदला, त्याच्याशी झटापट करू नका.

नोझल स्वच्छ आहे, आकडाही बरोबर आहे, तरी गाडी अडखळते? मग नोझल मोठं असेल. पाणी साधारण इंधनाच्या १० ते २० टक्के असावं. त्याहून फार जास्त गेलं की ज्वाला विझायला लागते. लहान नोझल घाला.

उभ्या गाडीत टाकी रिकामी होत असेल तर

टाकी नोझलपेक्षा उंच असेल, तर इंजिन बंद केल्यावर पाणी सायफनने ठिबकत राहतं. अडवायला चेक व्हॉल्व्ह किंवा सोलेनॉइड असतो. क्षाराचा एक कण त्याच्या बैठकीत अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही. नोझल बाहेर काढून खाली कागद ठेवा, पंप बंद, रात्रभर. सकाळी कागद ओला असेल तर व्हॉल्व्ह बदला. हा धुऊन वापरायचा भाग नाही, कारण इथे चुकलं तर पाणी सिलिंडरमध्ये साठतं, आणि पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाइप, सील आणि वीज

मेथॅनॉल वापरलं असेल तर ओ-रिंग आणि नळ्या फुगल्यात का ते बघा; साधं रबर त्यात टिकत नाही, ईपीडीएम किंवा टेफ्लॉन टिकतं. ॲल्युमिनियमचे जोड पांढरे, पिठूळ झाले असतील तर गंज सुरू आहे, आणि त्याचं पीठ पुन्हा नोझलमध्येच जाणार. वीज शेवटी: पंप चालू असताना त्याच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर अर्थिंग किंवा रिले. अर्थचा स्क्रू रंग खरवडून परत घट्ट केला की बरेच 'गेलेले' पंप जिवंत होतात.

इथे थांबा, गाडी जाणकाराकडे न्या

पाणी १० पीपीएमच्या आत आहे, नोझलचा आकडा बरोबर आहे, सायफन नाही, तरीही खडखड येते, तर दोष पाण्याचा नाही. मॅप, इंजेक्टर, कार्बन, टर्बो, काहीही असू शकतं. त्याला लॉग, म्हणजे गाडी चालतानाच्या ईसीयूच्या नोंदी, घेऊन वाचणारा माणूस लागतो. अंदाजाने नोझल मोठं करत बसू नका.

डिपस्टिकवर दुधी तेल दिसलं, किंवा रेडिएटरचं पाणी आटतंय, तर वॉटर इंजेक्शन बंद करा आणि हेड गॅस्केट तपासून घ्या. टाकीत यूरिया, ॲसिड किंवा डिझेल गेल्याचं कळलं आणि गाडी त्यावर चाललीही असेल, तर बोरोस्कोपने, म्हणजे इंजिनात घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, आत बघितल्याशिवाय पुन्हा ओढू नका. मेथॅनॉलची नळी एक्झॉस्टजवळ गळत असेल तर इंजिन सुरूच करू नका, टो करून न्या.

मेथॅनॉल कुणाच्या पोटात गेलं, डोळ्यात उडालं, तर थेट दवाखाना. "बरं वाटतंय" म्हणून थांबू नका. लक्षणं दिसायला १२ ते २४ तासही लागतात. डॉक्टरांना नाव स्पष्ट सांगा: मेथॅनॉल.

आणि रात्रभर उभ्या गाडीची टाकी सकाळी रिकामी दिसली आणि स्टार्टर अर्धा फिरून ठक्क करून थांबला, तर दुसऱ्यांदा चावी फिरवू नका. धक्का मारूनही सुरू करू नका. प्लग काढायला फिटरला घरी बोलवा.